जित्यापासून एज्युसिटी किती लांब?

पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर आपट्याच्या पुढे जिते स्थानक लागते. जिते, हमरापूर, जोहे या पेण तालुक्यातील गावांत गणेशमूर्तींचे कारखाने आहेत आणि इथल्या मूर्ती साता समुद्रापार जातात. तेव्हा जागतिकीकरण या पट्ट्याला नवे नाही. माल परदेशी जातो, रंगकाम करणाऱ्याची मजुरी मात्र गावच्या दरानेच ठरते.

आता परदेशी विद्यापीठेच इकडे येत आहेत. 14 जून 2025 रोजी मुंबईत अ‍ॅबरडीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय टेक आणि इटलीची आयईडी या पाच संस्थांना इरादापत्रे देण्यात आली. नवी मुंबई विमानतळाजवळ सिडकोची एज्युसिटी उभी राहणार आहे. जित्याहून ती फार लांब नाही. पण तिथल्या वर्गात जित्याच्या बौद्धवाडीतली मुलगी बसेल का?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या नियमावलीने प्रवेशाचे निकष आणि शुल्क ठरवण्याचे स्वातंत्र्य या संस्थांना दिले आहे. आरक्षणाचे बंधन नाही. शिष्यवृत्ती त्या 'देऊ शकतात'. 'देऊ शकतात' आणि 'दिली पाहिजे' यातला फरक आपल्या समाजाला कुणी समजावून सांगायला नको.

परदेशी शिक्षणाला आपला विरोध असण्याचे कारणच नाही. बाबासाहेब 1913 मध्ये कोलंबियाला गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, म्हणजे सार्वजनिक पैशावर. 1927 मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी मागणी केली ती मागास वर्गांसाठी शिक्षण शक्य तितके स्वस्त करण्याची. आज सरकारी धोरणाचा कल नेमका उलटा आहे. वाडीवरची कमी पटाची शाळा 'समूह शाळे'त विलीन करण्याचा विचार आणि विमानतळाशेजारी जागतिक विद्यापीठ, दोन्ही एकाच राज्याचे! पहिली पायरी काढून घ्यायची आणि गच्ची सजवायची, असा हा प्रकार.

कायद्याचा मार्ग बंद नाही. संविधानाच्या कलम 15(5) मुळे खाजगी, विनाअनुदानित संस्थांतही आरक्षणाचा कायदा करता येतो. शिवाय राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जातींसाठी राज्यभरातून वर्षाला 75 जागा आहेत, त्याही परदेशात जाणाऱ्यांसाठी. त्याच यॉर्कची पदवी पनवेलजवळ घेणाऱ्याचे काय? समाजकल्याण विभागाने याचे उत्तर लेखी द्यावे, आणि ते मागायला पेण-रोह्यातल्या आपल्या संघटनांनी प्रवेशाच्या जाहिराती झळकण्याची वाट पाहू नये.