पेशींचे चलन आणि मेंदूतील गाठ

जुन्नर-आंबेगावच्या पेढ्यांवर चलनाचे महत्त्व कोणास सांगावे लागत नाही. देहातील पेशींचेही एक चलन आहे, एटीपी. पेशीच्या आत ते ऊर्जा पुरविते. पेशी दुखावली की बाहेर सांडते आणि रोगप्रतिकारक पेशींना धोक्याची वर्दी देते. हे चलन निरोप्याचेही काम करते, असे जेफ्री बर्नस्टॉक यांनी मज्जातंतूंविषयी १९७२ मध्ये मांडले, तेव्हा बहुतेकांनी ते मानले नाही.

ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगात ही वर्दी वाटेतच बदलते. गाठीतील व तिच्या भोवतीच्या पेशींवरील सीडी ३९ आणि सीडी ७३ ही विकरे सांडलेल्या एटीपीचे टप्प्याटप्प्याने ॲडेनोसिन करतात, आणि ॲडेनोसिन संरक्षक पेशींना स्वस्थ बसविते. चहातील कॅफिन ॲडेनोसिनला अडविते खरे, पण म्हणून चहा काही औषध ठरत नाही. ही विकरे रोखणारी औषधे अद्याप संशोधनाच्या टप्प्यात आहेत. आज आधार शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि टेमोझोलोमाइड यांचाच.

म्हणून पहाटे वाढणारी डोकेदुखी, सोबत उलटी, किंवा प्रौढ वयात प्रथमच आलेली आकडी ‘पित्त असेल’ म्हणत नारायणगावचा टोमॅटोचा हंगाम आटोपेपर्यंत अंगावर काढू नये. त्याच आठवड्यात मेंदुविकारतज्ज्ञांना दाखवावे. आकडी आल्यास त्याच दिवशी.