डीपीला काय लावायचं, ते आम्ही ठरवू

हिंमत असेल तर चेहरा दाखवून बोला, असं आम्हाला बजावलं जातं. डीपीला जास्वंद असलं तर आम्ही भित्रे, विठोबा असला तर ढोंगी, काहीच नसलं तर फेक. आणि चेहरा दाखवला तर? जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२२ मध्ये मुसलमान स्त्रियांचे फोटो उचलून इंटरनेटवर 'लिलावा'त मांडले गेले. त्यांत पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. उघड नावाने आणि उघड चेहऱ्याने बोलणाऱ्या होत्या.

मांडणारे मात्र आडून होते, हे आम्ही विसरलेलो नाही. पण जानेवारीतल्या त्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी काही दिवसांतच संशयितांना पकडलं. गुन्हेगार शोधायला सगळ्या गावाचे फोटो लागत नाहीत. दक्षिण कोरियाने २००७ साली मोठ्या संकेतस्थळांवर खऱ्या ओळखीची सक्ती करून पाहिली; २०१२ मध्ये तिथल्याच घटनात्मक न्यायालयाने ती रद्द केली.

आम्ही मानतो की आडोसा हाही बोलण्याचा हक्क आहे. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये समाजाचे वाभाडे काढले ते 'लोकहितवादी' या नावाने. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं, महाराष्ट्र खवळला आणि पुस्तकापेक्षा 'ही विभावरी शिरूरकर कोण' याचीच चर्चा रंगली. त्या टोपणनावामागे मालतीबाई बेडेकर होत्या; तेव्हा त्यांचं खरं नाव शोधणारेच आज आमच्या इनबॉक्समध्ये फोटो मागत आहेत.

आम्ही एकच टोपणनाव घेऊ, ते वर्षानुवर्षं चालवू आणि त्याची पत राखू. दुसऱ्या कुणाचा चेहरा डीपीला लावणार नाही, आवडत्या नटीचाही नाही. दुसरं खातं काढून स्वतःचीच पाठ थोपटणार नाही. आडून शिवीगाळ करणारा आमचा नाही. त्याचे स्क्रीनशॉट आम्ही जपून ठेवू आणि जिला त्रास झाला तिच्यासोबत सायबर पोलिसांकडे जाऊ. स्वतःचा फोटो हौसेने लावणाऱ्यांचं स्वागतच आहे, कारण भांडण फोटोशी नाही, सक्तीशी आहे.

आणि चेहरा मागायचाच असेल तर आम्ही तो मत मागणाऱ्याकडे, पैसे मागणाऱ्याकडे, लग्नासाठी स्थळ म्हणून पुढे येणाऱ्याकडे मागू. ज्याच्या हाती सत्ता किंवा दुसऱ्याचा पैसा, त्याने समोर यावं. शेतावरून, वसतिगृहातून, सासरच्या स्वयंपाकघरातून लिहिणारीला आम्ही विचारू ते एवढंच: तुझं म्हणणं काय?

या, सामील व्हा. नाव तुम्हाला हवं ते सांगा.