अंगाई आहे ती, सहलीचं गाणं नव्हे

मंडळी, आधी माझीच चूक सांगते. फोंड्याला आमच्या कॉलनीत ३१ डिसेंबरला छोटासा कार्यक्रम असतो. नाट्यगीतं, भावगीतं, एखाद-दुसरा मांडो, आणि शेवटी काहीतरी इंग्रजी. गेल्या वर्षी इंग्रजी माझ्या वाट्याला आलं. मी 'समरटाइम' घेतलं. मोबाइलवर उडत्या चालीचा ट्रॅक लावला, हसत हसत गायले, वन्स मोअरही मिळाला.

नंतर शेजारचे व्हायोलिनचे सर जवळ आले. ऐंशी उलटलेले. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकले आणि तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांत बँडमध्ये वाजवत होते. म्हणाले, "आवाज गोड गो तुझा. पण पोर जागं झालं असतं."

मला कळेना, कुठलं पोर?

तर हे गाणं मुळात नाटकातलं पद आहे! जॉर्ज गर्शविनचा 'पोर्गी अँड बेस' हा ऑपेरा १९३५ साली न्यूयॉर्कला रंगभूमीवर आला. शब्द ड्यूबोस हेवर्डचे, मूळ कादंबरीही त्याचीच. जागा म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या नव्हे, अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या चार्ल्स्टन बंदरातली काळ्या लोकांची चाळ. क्लारा नावाची तरुण आई तान्ह्याला थोपटत हे गाते, आणि बाजूला पुरुष फासे खेळताहेत. तिचा नवरा जेक मासेमार, आपल्याकडच्या खारव्यांसारखा पोटासाठी समुद्रात जाणारा. पण गाण्यात ती बाळाला सांगते की बाप श्रीमंत आहे, आईबाप दोघंही जवळच आहेत, तुला काही होणार नाही. पुढे वादळात जेकची होडी बुडते. क्लारा मूल बेसच्या हातात देऊन त्याला शोधायला धावते, तीही परत येत नाही. मग त्याच पोरक्या बाळाला तीच अंगाई बेस म्हणते.

आणि मी काय केलं? त्यावर ठेका धरला.

भाचा म्हणाला, "आत्या, गाणं ते गाणं. एवढं खणायचं कशाला?" त्याला म्हटलं, जत्रेतल्या नाटकात सुभद्रेचं पद कोणी रुक्मिणीच्या थाटात म्हटलं, तर तुझे आजोबा पेटी बंद करून उठले असते. पद कोणाच्या तोंडी, कुठल्या प्रवेशात, हे विचारल्याशिवाय आपल्या घरात कोणी तोंड उघडलं नाही. मग परक्याच्या नाटकाला ही सूट का? ते इंग्रजीत आहे म्हणून?

लय बदलू नये असं मी म्हणत नाही हं. जॅझ उभंच त्यावर आहे. ऑपेरा येऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा, १९३६ मध्ये, बिली हॉलिडेनं हे छोट्या बँडबरोबर आपल्या ढंगात ध्वनिमुद्रित केलं. एला फिट्झजेरल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग यांचं तर घरोघरी आहे. पण मला हलवून गेली ती महालिया जॅक्सन. तिनं समरटाइमला गुलामगिरीच्या काळापासून चालत आलेलं आईविना लेकराचं गाणं जोडलं. एकातून दुसऱ्यात ती अशी जाते की शिवण दिसत नाही. ऑपेराची सगळी गोष्ट त्या एका जोडणीत येते. मी दुसऱ्यांदा ऐकलंच नाही त्या दिवशी, जमेना.

सुरांचं म्हणाल तर पहिल्यांदा मला धानीच वाटला. मग मध्येच एका ओळीच्या शेवटी ऋषभावर थांबतात आणि आपला अंदाज चुकतो. खाली साथ दोन स्वरमेळांवर पाळण्यासारखी झुलते. ट्रॅकच्या ढोलात ते झुलणं गेलं होतं.

आणखी एक गोष्ट सरांनी सांगितली, ती मी नंतर वाचलीही. १९३६ मध्ये हा खेळ वॉशिंग्टनच्या नॅशनल थिएटरमध्ये लागला. तिथे प्रेक्षकांत रंगभेद पाळत. पोर्गीचं काम करणारा टॉड डंकन अडून बसला, की माझी माणसं हवी तिथे बसू शकणार नसतील तर मी गाणार नाही. शेवटी त्या खेळांपुरता थिएटरला नियम मोडावा लागला. आणि तरी लिहिणारा हेवर्ड गोरा, संगीतकार रशियातून आलेल्या ज्यूंचा मुलगा. त्यावरून तिथे अजून वाद आहेत. गर्शविन घराण्याची अट अशी की रंगमंचावर हा ऑपेरा काळ्या कलाकारांनीच करावा. मैफलीत सुटं गाणं कोणीही म्हणतं, मीही म्हणणार. फक्त आता त्या वन्स मोअरची लाज वाटते.

यंदा पुन्हा विचारणा झालीय. मी म्हटलं, गाण्याआधी गोष्ट सांगायला पाच मिनिटं द्या. कार्यक्रमवाले म्हणतात, एक मिनिट. तर सध्या क्लारा, जेक आणि वादळ एका मिनिटात बसवतेय. ट्रॅक नाही लावणार. सरांचे हात आता थरथरतात, त्यांनी नाही म्हटलं. फोंडा-माशेल भागात पेटीवर नाहीतर गिटारवर सावकाश साथ करणारं कोणी असेल तर कळवा.