ही नळी काढावयाची कोणी?

सातारा व सांगली हे दोन जिल्हे वैद्यकीय बाबतीत मागासलेले आहेत, असे कोणी म्हणू शकणार नाही. विल्यम वॉन्लेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उघडले, तेव्हापासून त्या गावाला बाहेरगावच्या रोग्यांचा जो ओघ लागला तो आजतागायत थांबलेला नाही. १९६२ साली तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. कराडास कृष्णा रुग्णालय उभे राहिले. जत-आटपाडीचा, माण-खटावचा, इतकेच काय पण विजापूर-बेळगावकडचाही रोगी याच वाटेने येतो. अशा या आरोग्याच्या पंढरीत एका अगदी सामान्य वाटणाऱ्या प्रश्नाची चर्चा व्हावी, हे काहींना चमत्कारिक वाटेल. प्रश्न असा की, रोग्याला लघवीसाठी घातलेली नळी काढावयाची कोणी?

नळीची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. लघवी अडलेला प्रोस्टेटचा रोगी, दर तासाची लघवी मोजावी लागणारा अत्यवस्थ रोगी, काही मोठ्या शस्त्रक्रिया, यांत तिच्यावाचून गत्यंतर नसते. परंतु मूत्रमार्गाची स्वसंरक्षणाची जी निसर्गदत्त रीत आहे, तीच ही नळी बंद पाडते. एरवी मूत्राशयात शिरलेले जंतू लघवीच्या वेगाबरोबर धुऊन बाहेर जातात. नळी आली की तो वेग संपतो. तिच्या टोकाशी असलेल्या फुग्याखाली थोडी लघवी साचून राहते, नळीच्या आतबाहेर जंतूंचा चिकट थर धरतो आणि त्या थरात औषध नीट पोचत नाही. नळी आत असेल त्या प्रत्येक दिवशी शंभरांतील सुमारे तीन ते सात रोग्यांच्या लघवीत नव्याने जंतू शिरतात. ती महिनाभर राहिली तर बहुधा कोणीच सुटत नाही. यांतील पुष्कळांना काही त्रास होत नाही, हे खरे. पण ज्यांना होतो त्यांना थंडी वाजून ताप भरतो, जंतू मूत्रपिंडापर्यंत चढतात आणि काहींच्या रक्तात उतरतात. खुब्याचे हाड मोडले म्हणून आणलेली माणदेशातील एखादी म्हातारी हाडाने सुधारते आणि या तापाने जाते. घरच्या माणसांना नळीचा संशयही येत नाही.

हे ज्ञान कालपरवाचे असते तर गोष्ट वेगळी होती. पॉल बीसन या अमेरिकन वैद्यकाने नळीविरुद्धची आपली फिर्याद १९५८ सालीच एका संपादकीयात मांडली होती. त्या काळी नळीचे दुसरे टोक खाटेखालच्या उघड्या बाटलीत सोडलेले असे आणि चार दिवसांत जवळजवळ प्रत्येक रोग्याच्या लघवीत जंतू सापडत. नळी व पिशवी यांची जोडणी पूर्ण बंद ठेवली तर हा संसर्ग पुष्कळ लांबविता येतो, हे १९६६ साली कूनिन व मॅककॉर्मॅक यांनी दाखवून दिले. आज आपल्याकडे मिळते ती बंद पिशवी त्याच विचारातून आलेली आहे. पिशवी आली, पण तिच्यामागचा विचार आला काय?

कोणत्याही मोठ्या इस्पितळाच्या ओसरीत घटकाभर उभे राहावे. क्ष-किरणासाठी नेताना रोग्याच्या पोटावर पिशवी ठेवलेली दिसते, म्हणजे तिच्यातील लघवी उलटी मूत्राशयाकडे वाहावयास मोकळी. कोठे पिशवी फरशीवर लोळते. कोठे एकाच भांड्यात चार रोग्यांच्या पिशव्या रिकाम्या होतात आणि ते काम करणारे हात मध्ये धुतले जात नाहीत. हे हात बहुधा रोग्याच्या मुलाचे किंवा सुनेचे असतात, कारण आपल्याकडे अर्धीअधिक शुश्रूषा नातेवाइकांकडून होते. त्यांना दोष देणे हा शुद्ध अन्याय होईल. पिशवी मूत्राशयापेक्षा खाली पण जमिनीला न टेकता टांगावी, तोटीला भांडे लागू देऊ नये, जोड उघडू नये, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. सिस्टरने सांगावे म्हटले तर तिच्या वाट्याला किती खाटा आहेत ते आधी पाहावे. अध्यापन रुग्णालयाच्या सामान्य कक्षात तीन रोग्यांमागे एक परिचारिका असावी, हे भारतीय परिचर्या परिषदेचे मानक आहे. ते कागदावर किती सुबक दिसते!

परंतु मनुष्यबळाच्या तुटवड्यामागे सर्वच दडविता येणार नाही. नळी घालावयास हुकूम लागतो, कारण लागते. ती राहू देण्यास काहीच लागत नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी घातलेली नळी बहुतेक रोग्यांत दुसऱ्या दिवशी काढता येते. पण त्या दिवशी विभागाचे मोठे डॉक्टर फेरीला आले नाहीत, निवासी डॉक्टरांनी विचारले नाही आणि सिस्टरला अधिकार नाही, एवढ्याने ती आणखी चार दिवस राहते. कित्येकदा ती घातली जाते तीच सोयीसाठी. अंथरूण ओले होऊ नये, वारंवार भांडे द्यावे लागू नये, म्हणून घरचेच आग्रह धरतात. पुरुष रोग्यास बाहेरून बसविण्याचे आवरण, ठरावीक वेळाने तात्पुरती नळी घालून काढून घेणे, हे पर्याय त्या वेळी कोणाला आठवत नाहीत.

आणि मग सुरू होते औषधांची खैरात. लघवी गढूळ दिसली की तपासणी, तपासणीत जंतू निघाले की इंजेक्शन. वस्तुतः ताप वा अन्य लक्षण नसताना अशा जंतूंवर प्रतिजैविके देऊ नयेत, गर्भवती स्त्रिया व मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियेस जाणारे रोगी यांचा अपवाद करावा, असे शास्त्र सांगते. आपण नेमके उलट करतो आणि औषधाला न जुमानणारे जंतू वॉर्डात पोसतो. अशा जंतूंच्या एका विकराला दिलेल्या नवी दिल्लीच्या नावावरून २०१० साली देशात केवढा गहजब झाला! नावावरून जेवढे भांडलो, त्याच्या दशांशाने हात धुतले असते तर बरे झाले असते.

आमची मागणी मोठी नाही. दोन्ही जिल्ह्यांचे शल्यचिकित्सक, मिरजेच्या महाविद्यालयाचे अधिष्ठाते आणि खासगी रुग्णालयांचे चालक यांनी असा नियम करावा की, रोज सकाळी प्रत्येक नळीचे कारण रोग्याच्या कागदावर लिहिले जाईल आणि ठरलेल्या कारणांपैकी एकही उरले नसेल तर ती काढण्याचा अधिकार परिचारिकेला राहील. यास नवे यंत्र लागत नाही, निधी लागत नाही. डॉक्टरांच्या अहंकाराला थोडा धक्का लागेल, तो त्यांनी सोसावा. नातेवाइकांना दाखल होतानाच पिशवीविषयी चार वाक्ये मराठीत, आणि मिरजेत कानडीतही, सांगितली जावीत. २०१५ पासून चालू असलेल्या कायाकल्प योजनेत रुग्णालयांच्या स्वच्छतेला बक्षिसे मिळतात व त्यात संसर्गनियंत्रणालाही गुण आहेत. तेव्हा नळीच्या दर हजार दिवसांमागे किती रोग्यांना संसर्ग झाला, हा जगभर मोजला जाणारा आकडा प्रत्येक रुग्णालयाने दर महिन्याला आपल्या दाराशी फळ्यावर लिहावा. पहिल्या महिन्याचा आकडा लाजिरवाणा निघाला तरी तो पुसू नये. दुसऱ्या महिन्याचा त्याच्या शेजारी लिहावा.