आवाज घरातच घडतो

मैत्रिणींनो, या आठवड्यात बोईसरच्या एका आईचं पत्र आलंय. त्या लिहितात, ‘ताई, मुलीला रेडिओवर निवेदिका व्हायचंय. पण आम्ही वाडवळ, घरची बोली तिच्या तोंडी बसलेली. त्यात आजूबाजूला साऱ्या देशाची माणसं, म्हणून हिंदी-गुजरातीही मिसळते. वर्गातल्या मुली हसल्या, तेव्हापासून ती चारचौघांत बोलतच नाही.’

बाई, लेकीला जवळ बसवून अमीन सयानींची गोष्ट सांगा. जन्म मुंबईचा, १९३२ सालचा. आकाशवाणीच्या हिंदी विभागात आवाजाची चाचणी द्यायला गेले, तर उच्चारांवर गुजराती-इंग्रजीची छाप आहे म्हणून चक्क नापास! पण ते रुसून बसले नाहीत. थोरले भाऊ हमीद यांच्या सल्ल्यानं, रेडिओ सिलोनच्या हिंदी कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण जिथं चाले तिथं जाऊन कान देऊन ऐकत राहिले. १९५२ साली ‘बिनाका गीतमाला’ त्यांच्याकडे आली. मोबदला किती? आठवड्याला २५ रुपये! पुढं चार दशकं हा कार्यक्रम घराघरांत ऐकला गेला. श्रोत्यांना साद घालताना ते आधी बहिणींना हाक मारत, मग भावांना, बरं का!

ही सोपी, आपुलकीची भाषा आली कुठून? आईकडून. कुलसुम सयानी नवसाक्षरांसाठी ‘रहबर’ नावाचं पाक्षिक काढत. भाषा साधी हिंदुस्तानी, लिप्या मात्र तीन : नागरी, उर्दू आणि गुजराती. लहानगा अमीन त्या कामात हातभार लावी. कठीण शब्द टाळण्याचं वळण तिथंच लागलं.

तेव्हा बाई, एवढं करा. रोज दहा मिनिटं तिला वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लावा. तुम्ही पोळ्या लाटता लाटता ऐका. ‘न’ आणि ‘ण’, ‘ल’ आणि ‘ळ’ यांकडे लक्ष ठेवा. मोबाईलवर मुद्रित करून तिचं तिलाच ऐकू द्या. चुका आपोआप कळतात. मात्र आजीशी ती वाडवळीत बोलली तर टोकू नका. ती बोली म्हणजे दोष नव्हे, ती तिची जास्तीची शिदोरी आहे.

२० फेब्रुवारी २०२४ ला सयानी गेले. एकदा नापास ठरलेला तो आवाज आजही लोक नुसत्या नकलेवरून ओळखतात. तुमची लेक आज गप्प आहे, पण तिला ऐकणारं पहिलं माणूस तुम्हीच व्हा.