तांडेलाची सही, खलाशाचं रक्त



या देशात माणूस मोजायचा तर आधी त्याचं घर मोजतात. घर नाही तर माणूस नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी 2019 ते 2021 मध्ये झाली. 6,36,699 कुटुंबं गाठली. काम मोठं, नाकारत नाही. पण गावं उचलली 2011 च्या जनगणनेवरून, गावात घरांची यादी केली, यादीतून घरं काढली आणि त्या घरात राहणाऱ्यांना, आदल्या रात्री तिथं झोपलेल्यांना प्रश्न विचारले. आता सांगा, जो आदल्या रात्री खोल दर्यात ट्रॉलरवर झोपला तो कुठल्या घरात झोपला? हापूसच्या बागेत माकडं हाकत जो खोपीत पडलाय, ती खोप कुणाच्या यादीत?

मी देवगडच्या धक्क्यावर माल उचलतो. माझ्या बाजूला नेपाळी खलाशी जाळी ओढतात. 1950 च्या तहामुळे त्यांना इकडे यायला व्हिसा लागत नाही. येतात, राबतात, पावसाळ्यात बंदी लागली की जातात. आमचे लोक त्या सगळ्यांना एकच नाव ठेवतात, बहादूर. त्यातला एक जण कामी जातीचा. लोहारकाम करणारी ही जात; नेपाळात शिवाशिव कायद्यानं 1963 ला गेली, तरी गावी अजून त्याच्या हातचं पाणी चालत नाही. म्हणजे आपलाच भाऊ. पण आपल्या फॉर्मवर त्याला चौकट नाही. इथं अनुसूचित जातींच्या याद्या राज्याराज्याच्या, महाराष्ट्राच्या यादीत तो नाही. तो ‘इतर’.

सरकारला स्थलांतरित माणूस आठवतो तो एड्सच्या वेळी. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या पाहणीत एकटे राहणारे स्थलांतरित पुरुष आणि लांब पल्ल्याचे ट्रकवाले यांना ‘ब्रिज पॉप्युलेशन’ म्हणतात. म्हणजे पूल. रोग यांच्यावरून चालत सभ्य वस्तीत जाईल ही काळजी. वा रे वा! बर्फात हात घालून बोटं बधिर झाली, खारं पाणी लागून कातडी फाटली, रात्रंदिवस विंचवर कंबर मोडली, ते कोण लिहिणार? पुलाची कंबर दुखत नसते काय?

मागच्या हंगामात एक पथक धक्क्यावर आलं. कुठलं ते लिहीत नाही. त्यांना स्थलांतरित कामगार पाहिजे होते. कामगार समोर होते, पण पथक गेलं तांडेलाकडे. तांडेल म्हणाला, ‘ह्येंका काय इचारतास, माका इचारा, मी सांगतंय सगळा.’ आणि त्यानं बोट दाखवून माणसं काढली. हा घ्या, तो घ्या. जनावरांच्या बाजारात काढतात तशी. जी माणसं आली त्यांनी बोटं पुढं केली, सुई टोचून घेतली. दारू पितोस का, बाईकडे जातोस का, हे प्रश्न हिंदीत आणि तांडेलाच्या देखत. पगार त्याच्या हातात. कोण मायचा लाल खरं सांगेल? संमतीच्या जागी सही झाली ती तांडेलाची. नंतर एक खलाशी मला विचारत होता, ‘दाजू, रगत कशाला नेलं?’ मी काय सांगू?

हे देवगडातच घडतं असं नाही. 2009 साली आंध्रच्या खम्मम जिल्ह्यात मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस टोचली. पुष्कळ मुली आदिवासी वसतिगृहातल्या. संमतीच्या कागदांवर सह्या वसतिगृहाच्या वॉर्डननी ठोकल्या. खम्मम आणि गुजरातचं वडोदरा मिळून सात मुली मेल्या. लसीनं मेल्या नाहीत असं चौकशीवाले म्हणाले, मानूया. पण सह्यांचं काय? 2013 ला संसदेच्या समितीनं त्याच्यावर कोरडे ओढले. 2017 मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं नियम छापले: संमती माणसाला कळेल अशा भाषेत घ्या, अंगठा असेल तर त्रयस्थ साक्षीदार ठेवा, स्थलांतरितांसारख्या दुबळ्यांना जास्त जपा. नियम चांगले आहेत. धक्क्यावर उतरलेले मी तरी बघितले नाहीत.

आणि मग म्हणतात, हे लोक सर्वे बघून पळतात. पळणारच! प्लेगमध्ये 1897 ला साथरोग कायदा आला, प्रवासी तपासायचा, उचलून वेगळा ठेवायचा अधिकार घेऊन आला. सोजिरं घरात घुसली, लोकांनी आजारी माणसं लपवली. त्याच साली सावित्रीबाई प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. एकाच साथीत एक हात उचलून नेणारा, एक हात पाठीवर घेणारा. आमच्या माणसाला फरक कळतो. तोच 1897 चा कायदा मार्च 2020 मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लावला. मजूर पायी घरी निघाले, वाटेत मेले. सप्टेंबरमध्ये लोकसभेत सरकारनं सांगितलं, किती मेले त्याची आकडेवारी नाही. ज्यांनी जिवंतपणी मोजलं नाही ते मेल्यावर काय मोजणार!

तरीही मी म्हणतो, मोजा. मोजणीला ‘नको’ म्हणणं आपल्याला परवडत नाही. आकडा नाही तर दवाखाना नाही, औषध नाही. पण आमच्या पद्धतीनं मोजा. घराची यादी नसेल तर जागा आणि वेळांची यादी करा: होड्या लागतात ती पहाट, बाजाराचा दिवस, बागेतली संध्याकाळ. तिथून चिठ्ठ्या टाकून वेळ काढा, जो सापडेल त्याला विचारा. दुसरी रीत जगात चालते: दोन-चार ओळखीचे खलाशी धरा, प्रत्येकाला तीन कुपनं द्या, तो आपले सोबती आणेल, ते त्यांचे आणतील. कुणाची ओळख किती माणसांशी ते लिहून घेतात आणि हिशोबात तेवढी दुरुस्ती करतात. यात तांडेल लागत नाही. मालक तर नाहीच. मात्र कुपन आणणाऱ्याचं नाव वहीत राहता कामा नये, नाहीतर ती वही उद्या पोलीस चौकीत सापडायची.

बुडालेल्या वेळेची मजुरी द्या, चहाबिस्कीट नव्हे. नेपाळी बोलणारा माणूस आणा. रक्त नेलंत तर साखर किती निघाली ते त्याच माणसाला येऊन सांगा.

बंदी उठायच्या आधी खलाशी परत येतात, जाळी शिवत बंदरात बसतात. तेव्हा त्यांना वेळ असतो. ज्यांना सर्वे करायचा आहे त्यांनी त्या आठवड्यात यावं. धक्क्यावर आम्ही चौघं आहोत, नेपाळी येणारा एक जण आमच्यात आहे. प्रश्नांचा कागद आधी आम्हाला वाचून दाखवा, मग माणसं तुमच्यासमोर बसतील.