व्हेल मेला, पण मारलं कुणी?

समुद्रकिनाऱ्यावर पडलेला भलामोठा व्हेल, मागे लाटा, खाली कॅप्शन : 'ग्रीन एनर्जीने घेतलेला बळी.' असा रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेला असेल. आपण काय करतो? हळहळतो, शेअर करतो, पुढे जातो. यावेळी जरा थांबूया. कारण या एका दाव्याने अमेरिकेत अख्खं राजकारण ढवळून काढलंय.

गोष्ट आहे न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कच्या किनाऱ्याची. २०२२चा डिसेंबर ते २०२३ची सुरुवात, या थोड्याच आठवड्यांत तिथे एकामागोमाग एक मेलेले व्हेल वाहून आले. बरेचसे हंपबॅक जातीचे. त्याच सुमारास समुद्रात पवनचक्क्या कुठे उभारायच्या हे ठरवायला सर्वेक्षणाची जहाजं फिरत होती. लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. किनाऱ्यावरच्या गावांचे महापौर काम थांबवा म्हणाले, मच्छीमार आले, पर्यावरणवाल्यांचा एक गटही आला. आणि समुद्राचा व्ह्यू बिघडेल म्हणून आधीपासून वैतागलेले बीच हाऊसवालेही आलेच!

आता तारखा बघा. अमेरिकेच्या नोआ या सरकारी संस्थेने पूर्व किनाऱ्यावर हंपबॅक नेहमीपेक्षा जास्त मरताहेत हे नोंदवायला सुरुवात केली ती जानेवारी २०१६ पासून. आणि २०२३च्या सुरुवातीला अख्ख्या अमेरिकेच्या समुद्रात पवनचक्क्या होत्या किती? सात. ऱ्होड आयलंडजवळ पाच आणि व्हर्जिनियाजवळ दोन. न्यू जर्सीच्या समुद्रात एकही नाही. म्हणजे जिच्यावर आरोप होता, ती अजून उभीच राहिली नव्हती.

मग मेले कशाने? ज्या हंपबॅकची तपासणी करता आली, त्यातल्या सुमारे ४० टक्क्यांच्या अंगावर जहाजाची धडक किंवा जाळ्या-दोरांत अडकल्याच्या खुणा सापडल्या. त्या किनाऱ्याजवळ मेनहेडन नावाचे तारलीसारखे तेलकट मासे थव्याने येतात. त्यांच्यामागे व्हेल येतात. आणि ते येतात नेमके न्यूयॉर्क-न्यू जर्सी बंदराच्या तोंडाशी, जिथे मालवाहू जहाजांची रांग लागलेली असते. हायवेवर कुणी पंगत मांडावी, तसलाच प्रकार.

'मग उरलेल्या ६० टक्क्यांचं काय?' हा प्रश्न बरोबर आहे, विचारायलाच हवा. बरेच व्हेल इतके कुजलेले सापडतात की त्यातून काहीच कळत नाही. काही तर तपासताच येत नाहीत. संशय वाढतो तो याच रिकाम्या जागेत. 'कारण सापडलं नाही' आणि 'कारण लपवलं' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण रीलमध्ये तो टिकत नाही.

गोंधळात एका शब्दाने भर घातली. अमेरिकेत सागरी सस्तन प्राण्यांसाठी १९७२चा कायदा आहे. त्यात 'टेक' हा शब्द येतो. त्याचा अर्थ मारणं, पकडणं असा आहेच, पण नुसता त्रास देणं, आवाजाने हुसकावणं हेसुद्धा त्यात मोडतं. कंपन्यांना 'टेक'ची परवानगी मिळाली, तेव्हा कागदावर आकडा होता तो मुख्यतः आवाजाने विचलित होऊ शकणाऱ्या प्राण्यांचा. पोस्टमध्ये तो झाला 'इतके व्हेल मारायचं लायसन्स.' कायद्याची भाषा इतकी किचकट ठेवली की असं होणारच, हेही खरं.

पण म्हणून 'विरोधक सगळे वेडे' असं म्हणून हात झटकू नका. सर्वेक्षणाचा सोनार तेलकंपन्यांच्या एअरगनपेक्षा बराच सौम्य असतो. खरा आवाज होतो तो नंतर, प्रचंड पोलादी खांब हातोड्याने समुद्रतळात ठोकताना. पाण्यात आवाज हवेपेक्षा साडेचारपट वेगाने जातो. उत्तर समुद्रात असं काम चालू असताना पॉरपॉइज हे डॉल्फिनसारखे छोटे प्राणी वीसेक किलोमीटरपर्यंत लांब निघून गेल्याचं दिसलंय. काम थांबल्यावर ते परततात, पण पिल्लं वाढवायच्या दिवसांत घर सोडावं लागणं ही किरकोळ गोष्ट नाही.

जर्मनीने त्यावर नियम केला : खांबापासून ७५० मीटरवर आवाज १६० डेसिबलच्या वर जायला नको. मग कंपन्यांनी बुडबुड्यांचा पडदा वापरायला सुरुवात केली. खांबाभोवती तळावर भोकं पाडलेली नळी टाकायची, त्यातून हवा सोडायची. बुडबुड्यांची भिंत उभी राहते आणि आवाज बराचसा अडतो. भारी आहे ना? म्हणजे विरोध नेमका असेल तर त्यातून असं काहीतरी निघतं.

न्यू जर्सीत तसं झालं नाही. ऑर्स्टेड या डॅनिश कंपनीने ऑक्टोबर २०२३च्या शेवटी तिथले 'ओशन विंड'चे दोन्ही प्रकल्प रद्द केले. कारण सांगितलं वाढलेले व्याजदर आणि सुटे भाग मिळण्यातला उशीर. ट्रम्प प्रचारसभेत म्हणत होते की पवनचक्क्या व्हेलना वेडं करतात. २० जानेवारी २०२५ला, पदावर आल्याच दिवशी, त्यांनी समुद्रात नव्या पवनचक्क्यांसाठी जागा देणं थांबवलं.

आता गंमत बघा. त्याच जानेवारीत, ट्रम्प यायच्या काही दिवस आधी, नोआने एक प्रस्ताव मागे घेतला. ६५ फुटांपेक्षा लहान बोटींनाही, व्हेल असतात त्या भागात नि त्या काळात, १० नॉटची वेगमर्यादा लावायचा. तो होता नॉर्थ अटलांटिक राइट व्हेलसाठी. जगात चारशेपेक्षाही कमी उरलेत. समुद्र तापला, त्यांचं खाद्य सरकलं, त्यामागे तेही उत्तरेला कॅनडाच्या नव्या भागांत गेले. तिथे त्यांच्यासाठी वेगाचे, जाळ्यांचे नियमच नव्हते. २०१७ या एका वर्षात कॅनडा-अमेरिका मिळून १७ मेले. यांना खरंच वाचवू शकणारा तो प्रस्ताव गेला, त्याचा रील तुम्ही पाहिलात का?

हे सगळं आपण का वाचायचं? कारण जून २०२४ मध्ये केंद्राने समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर ५००-५०० मेगावॅट. तमिळनाडूच्या त्याच समुद्रात, मन्नारच्या आखातात आणि पाल्कच्या उपसागरात, ड्युगाँग म्हणजे समुद्रगाय राहते. तिथल्या मच्छीमारांचं पोटही त्याच पाण्यावर आहे. उद्या तिथे एखादी समुद्रगाय मरून किनाऱ्याला लागली, तर व्हिडिओ तासाभरात आपल्या ग्रुपवर येईल. तेव्हा पहिला प्रश्न हा असेल : खांब ठोकण्याआधीच्या पाच वर्षांत तिथे अशा किती मेल्या होत्या? ती मोजणी आत्ता, पहिला खांब पडायच्या आधीच, व्हायला हवी.